रिले चिकटला तर?

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. सकाळी साडेसहाला जिन्यातून धो धो पाण्याचा आवाज यायला लागला. आधी वाटलं पाऊसच असेल. बाहेर येऊन बघतो तर सोसायटीची वरची टाकी भरून वाहतेय आणि खाली पंप आपला निवांत चालू. वॉचमन बिचारा पॅनेलवरचा स्विच तिसऱ्यांदा बंद करत होता. पंप काही ऐकत नव्हता. मेन एमसीबी मीटर रूममध्ये, मीटर रूमला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी लग्नाला कोल्हापूरला! शेवटी कुलूप तोडलं. नंतर वायरमन आला, पॅनेल उघडून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, कॉन्टॅक्टर चिकटलाय. आता त्याला बटणाचं काय ऐकू येणार?"

मंडळी, आजचा लेख सोसायटीच्या राजकारणावर नाही (त्यावर एक मालिका होईल, पण मला याच सोसायटीत राहायचंय :-) ). वायरमनचं ते वाक्य मात्र डोक्यात राहिलं. कारण त्याच्या काही महिने आधी नेमकं हेच वाक्य मी हजारो मैलांवरून, व्हिडिओ कॉलवर ऐकलं होतं. फरक इतकाच की तिथे चिकटलेला रिले पाण्याच्या पंपाचा नव्हता, विमानाचा होता.

कॉलेजमधला माझा एक मित्र अमेरिकेत ओहायोत असतो. आठवडाभर कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये विमान बांधतो. खरंखुरं, दोन माणसं बसतील असं. कुणीतरी अर्धवट सोडलेलं किट त्याने विकत घेतलं आणि पाच वर्षं त्यावर काढली. विमानाची चाकं उड्डाणानंतर पोटात जातात, आणि ती आत-बाहेर करायला एक छोटा हायड्रॉलिक पंप आहे. तो पंप चालू-बंद करणारे दोन रिले हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा डबीवर काय लेख लिहायचा? पण या डबीचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे, आणि त्यात बरीच ओळखीची मंडळी भेटतात.

सुरुवात करू जोसेफ हेन्रीपासून. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावच्या शाळेत हा मास्तर होता. तारेवर रेशमी धागा गुंडाळून ती लोखंडावर थरांवर थर लपेटायची, आणि जबरदस्त विद्युतचुंबक बनवायचे हा त्याचा नाद. १८३१ साली येल कॉलेजसाठी त्याने बनवलेला चुंबक हजार किलोच्या आसपास वजन उचलायचा. हे प्रयोग करताना त्याच्या लक्षात आलं की लांब तार, विशेषतः गुंडाळी केलेली, बॅटरीपासून सोडवताना मोठी ठिणगी पडते. आखूड तारेला तसं होत नाही. १८३२ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. गुंडाळीतून वाहणारा प्रवाह एकदम तोडला की ती विरोध करते, म्हणजे प्रवाह चालूच ठेवायला बघते. मग तुटलेल्या जागी व्होल्टेज भसकन वर जातं आणि हवेतून ठिणगी उडते. आपण बारावीत 'सेल्फ इंडक्शन' म्हणून जे घोकलं ते हेच. त्याच्या एककाला १८९३ साली 'हेन्री' हेच नाव मिळालं.

पुढे हेन्री प्रिन्स्टनला प्राध्यापक झाला. तिथे १८३५ च्या सुमारास तो विद्यार्थ्यांना एक गंमत दाखवायचा. लांबून आलेल्या तारेत अगदी अशक्त प्रवाह. त्याने एक लहान चुंबक हलायचा आणि जवळच्या मोठ्या चुंबकाचं सर्किट तोडायचा. मोठ्या चुंबकाला लटकवलेली वजनं धाडकन खाली! अशक्त हुकूम आणि सशक्त काम यांची सर्किटं वेगळी करायची, ही रिलेची मूळ कल्पना. 'रिले' हा शब्दही डाकेच्या घोड्यांवरून आलाय. दमलेला घोडा चौकीवर सोडायचा, निरोप ताज्या घोड्यावरून पुढे. १८४४ साली मोर्सची तार वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला गेली तेव्हा रिले कामाला लागला, आणि नंतरची शंभर वर्षं तो टेलिफोनपासून रेल्वेच्या सिग्नलपर्यंत सगळीकडे होता.

आपल्या धंद्यातही होता. हार्वर्डचा 'मार्क टू' हा संगणक रिलेंवर चालायचा. ९ सप्टेंबर १९४७ ला त्यातल्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने लावून ठेवला. ('बग' हा शब्द त्याआधीही इंजिनिअर लोक वापरत होते. एडिसनच्या पत्रात तो १८७८ सालीच सापडतो. पतंगाची नोंद ही त्या शब्दावरचा विनोद होती.) म्हणजे प्रोग्रॅमरांचा सगळ्यात प्रसिद्ध बग हा रिलेच्या दोन कॉन्टॅक्टच्या मधला होता!

आता विमानाकडे वळू. सुरुवातीच्या विमानांची चाकं कायम खाली लोंबकळत असायची. ती हवेला अडवतात, वेग खातात. १९२० साली फ्रान्समध्ये गॉर्डन बेनेट शर्यत होती. तिच्यासाठी अमेरिकेच्या डेटन-राइट कंपनीने एक विमान बनवलं, नाव 'आरबी-१'. यात पायलट हाताने दांडा फिरवून चाकं पोटात घ्यायचा. तांत्रिक बिघाडामुळे त्याला शर्यत अर्धवट सोडावी लागली, पण कल्पना टिकली. ही डेटन-राइट कंपनी १९१७ साली स्थापन करणाऱ्यांत एक होता चार्ल्स केटरिंग. मोटारगाडीचा सेल्फ-स्टार्टर ज्याने बनवला तोच हा. डेटन हे राइट बंधूंचं गाव, आणि ते ओहायोतच आहे. माझ्या मित्राच्या घरापासून गाडीने तासाभरावर. तो दर पाहुण्याला तिथलं विमानांचं म्युझियम दाखवायला नेतो, आणि आम्हाला ही सगळी कहाणी त्याच्याचकडून कळली.

केटरिंगचा मुद्दा आपल्या पंपासाठी महत्त्वाचा आहे. तो आधी गल्ल्याची यंत्रं (कॅश रजिस्टर) बनवणाऱ्या कंपनीत होता. ड्रॉवर उघडायला त्याने एक चिमुकली मोटर बसवली होती. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट अशी : मोटर दिवसभर चालायची नसेल, तर काही सेकंदांपुरतं तिच्याकडून तिच्या आकाराच्या कितीतरी पट काम करून घेता येतं. नंतर तिला थंड व्हायला वेळ आहेच. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आलेला स्टार्टर याच तत्त्वावर होता. विमानाच्या चाकांचा पंपही तसाच. पाच-दहा सेकंद जोर लावायचा आणि गप्प बसायचं. उलट बाजूने बघा : अशी मोटर गप्प बसलीच नाही, तर ती जळते.

चाकांसाठी मोटर यायला मात्र वेळ लागला. सोव्हिएत 'आय-१६' लढाऊ विमानात (पहिलं उड्डाण १९३३ च्या अखेरीस) पायलटला दांडा ४४ वेळा फिरवावा लागायचा. अमेरिकन 'वाइल्डकॅट'मध्ये सुमारे तीस वेळा. एका हाताने दांडा फिरवताना दुसरा हात हलायचा आणि विमान समुद्रावर डुलत डुलत वर जायचं. पुढे 'बी-१७' बाँबरमध्ये चाकांना विजेच्या मोटरी आल्या, १९४७ पासून विकल्या गेलेल्या बीचक्राफ्टच्या 'बोनान्झा' या खासगी विमानातही आल्या. १९६७ च्या पायपर 'ॲरो'मध्ये विजेच्या मोटरने चालणारा हायड्रॉलिक पंप होता. ४४ फेऱ्यांचं काम आता एका बटणावर.

पण बटण आल्यावर नव्याच चुका सुरू झाल्या. दुसऱ्या महायुद्धात 'बी-१७' चे पायलट सुखरूप उतरल्यावर फ्लॅप आत घ्यायला जायचे आणि धावपट्टीवर चाकंच आत घ्यायचे. (शेजारी शेजारी एकसारखे स्विच. ओळखीचं वाटतंय ना?) डेटनच्याच राइट फील्डवर अल्फान्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने उपाय काढला : चाकांच्या मुठीला छोटं चाक लावा, फ्लॅपच्या मुठीला पाचरीसारखा आकार द्या. आजही विमानात चाकांची मूठ चाकासारखी गोल असते. दांड्याला ४४ फेऱ्या लागत होत्या तेव्हा अशी चूक चाळीस वेळा सुधारता यायची. अशक्त हुकूम सशक्त काम करू लागला, की चुकीचा हुकूमही तेवढाच सशक्त होतो.

आता घरी विमान बांधणाऱ्यांकडे येऊ. १९५३ साली पॉल पोबरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमध्ये 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' सुरू केली. १९७० पासून ऑशकॉशला दर उन्हाळ्यात या लोकांची जत्रा भरते. अमेरिकेतला नियम साधा आहे. विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं हवं. मग ते 'एक्सपेरिमेंटल' म्हणून उडवता येतं. सुरुवातीला ही विमानं साधी, चाकं न दुमडणारी असत. १९७९ साली आलेल्या बर्ट रुटानच्या 'लाँग-ईझी'त फक्त पुढचं चाक दुमडायचं, तेही हाताने दांडा फिरवून. लान्स नायबॉअरने १९८४ साली उडवलेल्या 'लँसेअर'नंतर मात्र गुळगुळीत, वेगवान, तिन्ही चाकं पोटात घेणारी विमानं लोकांच्या गॅरेजमध्ये आली. बरोबर पंप आला, आणि पंपाबरोबर रिले.

आपल्याकडेही हा किडा आहेच. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. नियम, परवानग्या हा वेगळा विषय. पण कारखान्याच्या विमानामागे शेकडो इंजिनिअर, चाचण्या आणि फायली असतात. गच्चीवरच्या किंवा गॅरेजमधल्या विमानामागे एकच माणूस असतो, आणि बहुतेक वेळा उडवणाराही तोच. 'हे बिघडलं तर काय?' हा प्रश्न त्याच्या वतीने दुसरं कुणी विचारत नाही.

मित्राच्या विमानात हे कसं होतं ते सांगतो. पंपाची मोटर १२ व्होल्ट डी.सी., दोन वायरींची. एकीकडून प्रवाह दिला की पंप चाकं वर घेतो, उलटा दिला की खाली ढकलतो. प्रत्येक वायरीला एक रिले. रिले शांत असताना ती वायर अर्थला टेकलेली, रिलेने ओढलं की बॅटरीच्या प्लसला. 'वर'चा रिले ओढला की एक टोक प्लसला, दुसरं अर्थला, मोटर फिरते. चाकं वर पोचली की तेलाचा दाब वाढतो, प्रेशर स्विच उघडतो, रिलेची कॉइल बंद, मोटर बंद. अशा बऱ्याच विमानांत वरच्या बाजूला कुलूप नसतं. चाकं नुसत्या तेलाच्या दाबावर वर राहतात. दाब हळूहळू उतरला की पंप क्षणभर घुर्र करतो आणि पुन्हा गप्प.

यात संरक्षण कुठे कुठे आहे? पहिलं, कॉइलवरचा उलटा डायोड. हेन्रीने पाहिलेली ठिणगी इथे प्रेशर स्विचच्या नाजूक कॉन्टॅक्टवर पडते आणि त्यांना रोज थोडं थोडं खाते. डायोड लावला की कॉइलमधला प्रवाह त्यातून गोल गोल फिरत विझतो, ठिणगी पडत नाही. आम्ही दोघं इलेक्ट्रॉनिक्सचे. कॉलेजमध्ये प्रत्येक प्रोजेक्टला आठ आण्याचा डायोड लावून कॉलर ताठ करणारे. मित्राने तो अर्थातच लावला होता. पण नीट बघा, डायोड वाचवतो तो हुकूम देणाऱ्या स्विचला. मोटरचा जड प्रवाह वाहून नेणारे रिलेचे कॉन्टॅक्ट वेगळे. त्यांना डायोडचा काही उपयोग नाही. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि नेमक्या त्या क्षणी कॉन्टॅक्ट एकमेकांवर आपटून किंचित उसळत असतात. चांदीचा एवढासा ठिपका वितळतो आणि गोठतो. बहुतेक वेळा पुन्हा सुटतो. एखाद्या वेळी नाही सुटत.

दुसरं संरक्षण फ्यूज किंवा ब्रेकर. याचाही इतिहास गमतीचा आहे. तारेच्या खांबांवर वीज पडली की ती तारांवरून तारघरात घुसायची. १८४७ साली पॅरिसच्या लुई ब्रेगे यांनी सुचवलं की आत येणाऱ्या तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवा. तो वितळेल, यंत्र आणि माणूस वाचेल. प्रसिद्ध घड्याळांचं ब्रेगे घराणं ते हेच, आणि विमानं बनवणारे लुई शार्ल ब्रेगे हे यांचे नातू! आजोबांनी फ्यूज दिला, नातवाने विमान. फ्यूजची खुबी ही की तो कुणाच्या हुकमाची वाट बघत नाही. पण तो वाचवतो वायरीला, जळण्यापासून. मोटर आपला नेहमीचा प्रवाह घेत चुकीच्या वेळी चालत राहिली, तर फ्यूजच्या मते सगळं ठीक आहे.

तिसरं, स्क्वॉट स्विच. विमानाचं वजन चाकांवर आहे तोवर 'वर'च्या कॉइलला प्रवाहच जाऊ द्यायचा नाही. म्हणजे जमिनीवर चुकून मूठ वर केली तरी चाकं आत जाणार नाहीत.

आणि चौथं, एक साधा व्हॉल्व्ह. तो उघडला की तेलाचा दाब निघून जातो आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडून कुलूपबंद होतात. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ च्या सुमारास रेल्वेचा ब्रेक असाच उलटा केला होता : हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला, दाब गेला की ब्रेक लागणार. आपल्या गाड्यांत साखळी ओढली की होतं ते हेच. बिघाडाची दिशाच सुरक्षित बाजूला वळवून ठेवायची.

तर त्या शनिवारी मित्राचं विमान गॅरेजमध्ये जॅकवर होतं, चाकं हवेत. चाकं वर-खाली करून चाचणी चालली होती. बाजूला खुर्चीवर त्याचे बाबा. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. एसटीच्या डेपोत तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. मी व्हिडिओ कॉलवर. एका सांध्यातून तेल किंचित झिरपत होतं, त्यामुळे पंप दर काही सेकंदांनी घुर्र करत होता. मित्र म्हणाला, "चालू दे, नंतर बघू." दुपारभर घुर्र, घुर्र. मग एका क्षणी घुर्रऽऽऽ सुरू झालं ते थांबेचना.

मित्राने मूठ 'खाली' केली. मोटर एकदम गप्प. चाकं मात्र वरच! आम्ही चाट. अण्णा म्हणाले, "चिकटला रे." 'वर'चा रिले चिकटून प्लसला राहिलेला, 'खाली'चा रिलेही आता प्लसला. मोटरच्या दोन्ही टोकांना प्लस, मग ती फिरेल कशी? मित्राने समोरचा ५ अँपिअरचा ब्रेकर ओढला, आधी बंद तर करू म्हणून. तो ब्रेकर होता कॉइलचा, म्हणजे हुकमाचा. 'खाली'चा रिले सुटला, त्याची वायर अर्थला टेकली, आणि मोटर पुन्हा 'वर'च्या दिशेने सुरू! बंद करायला गेला आणि चालू झाली. मोटरचा जाड वायरीवरचा ब्रेकर पॅनेलच्या मागे, बसल्या जागेवरून हात न पोचणाऱ्या ठिकाणी लावलेला. शेवटी मास्टर स्विच बंद केला तेव्हा कुठे शांतता झाली. मग व्हॉल्व्ह उघडला आणि चाकं थडथड करत खाली आली. गुरुत्वाकर्षणाने काम केलं.

तेवढ्यात अण्णांनी शांतपणे विचारलं, "समजा तू असाच उतरलास. चाकं खाली, तू खूश, व्हॉल्व्ह बंद केलास, मास्टर परत चालू केलास. मग?"

मग 'वर'चा रिले अजून चिकटलेलाच. पंप चाकं आत घेणार, विमान पोटावर. स्क्वॉट स्विच? तो कॉइलचा हुकूम तोडतो. चिकटलेल्या कॉन्टॅक्टला कॉइलशी देणंघेणं उरलेलंच नाही. मूठ, प्रेशर स्विच, स्क्वॉट स्विच, छोटा ब्रेकर, आमचा लाडका डायोड, सगळेच्या सगळे हुकमाच्या बाजूला. ज्याने काम करायचं तोच हुकूम ऐकेनासा झाल्यावर या सगळ्यांची किंमत शून्य. हेन्रीने दोन सर्किटं वेगळी केली हे रिलेचं मोठेपण, आणि नेमकी हीच त्याची फट. इकडून तिकडे हुकूम जातो. तिकडून इकडे खबर काहीच येत नाही.

मित्राने पुढचे तीन महिने यावर काढले. गळणारा सांधा आधी दुरुस्त केला. जास्त प्रवाह झेलणारे कॉन्टॅक्टर आणले. मोटरचा ब्रेकर हाताशी घेतला. यात जाड वायर पॅनेलपर्यंत आणावी लागते, तो धोका वेगळा, म्हणून तिला आवरण, आधार वगैरे सगळं आलं. कॉइलची आणि मोटरची अर्थ वायर वेगळी केली. म्हणजे मोटरने व्होल्टेज खाली खेचलं तरी रिले खडखडणार नाही. आणि एक पिवळा दिवा लावला, थेट मोटरच्या दोन टोकांवरून. मूठ काय म्हणतेय ते तो दाखवत नाही, मोटर खरंच चालू आहे का ते दाखवतो. चेकलिस्टवर पहिली ओळ अण्णांच्या सांगण्यावरून : दिवा दहा सेकंदांहून जास्त राहिला तर आधी पंपाचा मोठा ब्रेकर ओढायचा, मग व्हॉल्व्ह उघडायचा. आणि जमिनीवर आल्यावरही तो ब्रेकर दाबायचा नाही.

या सगळ्यात एक गोष्ट हुकली. अशा विमानाला आधी चाचणीची उड्डाणं करावी लागतात, सहसा २५ किंवा ४० तास, तोवर प्रवासी नेता येत नाही. पहिला प्रवासी म्हणून अण्णांची जागा ठरलेली होती. गळती आणि रिले 'नंतर बघू' म्हणून सोडले असते तर कदाचित जमलंही असतं. पण विमान तयार व्हायच्या आधी अण्णांची सहा महिन्यांची मुदत संपली आणि ते साताऱ्याला परतले. विमान पुढच्या वसंतात उडलं. मित्राला अजून ते लागतं. मी अण्णांना भेटायला गेलो तेव्हा हे बोललो, तर म्हणाले, "मी बसलो नाही म्हणून काय झालं? तो रोज बसतो ना त्यात."

मी सोमवारी हापिसात गेलो आणि आमच्या एका सर्व्हिसचा डॅशबोर्ड उघडला. 'पेमेंट थांबवलं' असा हिरवा दिवा होता. तो कशावरून पेटतो ते शोधलं. आम्ही थांबवण्याचा हुकूम पाठवला की पेटतो! पलीकडे खरंच थांबलं का, हे कुणीच विचारत नव्हतं. दोन दिवस खर्चून ते बदललं. मॅनेजरने विचारलं, बग होता का? म्हटलं नाही, पतंग अजून आत शिरायचाय :-)

आणि हो, सोसायटीत आता पंपाचा एमसीबी मीटर रूमबाहेर, वॉचमनच्या हाताशी आहे. जनरल बॉडीत त्याला दीड तास लागला. असो. तुमच्या घरात, हापिसात असा कुठला स्विच आहे का, जो बंद केल्यावर खरंच बंद झालं की नाही हे तुम्ही कधी बघितलेलं नाही? या रविवारी एकदा बघा.